पाणी पाळणारे बापू

आमच्या डोक्यावर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर राहणारे बापू मासे पाळतात असा सोसायटीत सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. बापू पाणी पाळतात. खारं पाणी. त्यात दोन मासे आहेत हे खरं, पण ते पाण्याची तब्येत कळावी म्हणून ठेवलेले. पाहुण्याने टाकीसमोर उभं राहून "वा, काय सुंदर मासे!" म्हटलं की बापूंचा चेहरा पडतो. "पाणी कसं वाटलं?" ते विचारतात. पाहुण्याला पाणी दिसलेलंच नसतं. खरं तर पाणी दिसू नये यासाठीच बापूंची पेन्शन खर्ची पडलेली असते, पण कौतुक न झाल्याचं दुःख काही त्याने कमी होत नाही.

बापू एका नगरपालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झाले. त्यांचं काम पाण्याशी नव्हतं, पाण्याबद्दलच्या कागदांशी होतं. पाणी गढूळ येतं, पाण्याला वास येतो, पाण्यातून अळ्या येतात, असे अर्ज त्यांच्या टेबलावर यायचे आणि प्रत्येकाला ते एकच उत्तर पाठवायचे: 'सदर पाण्याची तपासणी करण्यात आली असून ते पिण्यास योग्य आहे.' मसुदा त्यांचाच. तो इतका सर्वांगपरिपूर्ण निघाला की पुढे खात्याने त्याचा रबरी शिक्काच करून घेतला. तपासणी कोण करतं, कुठे करतं, करतं का, असले प्रश्न बापूंना उभ्या नोकरीत पडले नाहीत.

तेच बापू आता नळाच्या पाण्याकडे संशयाने बघतात. स्वयंपाकघरात ओट्याखाली त्यांनी चार नळकांड्यांचं आरओ-डीआय यंत्र बसवलंय. नळाचं पाणी आधी गाळ आणि क्लोरिन सोडतं, मग आरओच्या पडद्यातून जातं, मग रेझिनमधून, आणि शेवटी थेंबथेंब करत निळ्या ड्रममध्ये पडतं. त्या थेंबांत बापू टीडीएस मीटर बुडवतात. आकडा शून्य आला पाहिजे. एक आला तर त्यांना जेवण जात नाही. यंत्र एक बादली चांगलं पाणी देताना तीन-चार बादल्या बाहेर टाकतं. त्यात वहिनी कपडे भिजवतात, लाद्या पुसतात, आणि एप्रिलमध्ये पाणीकपात लागली की जिन्यात कोणी भेटू नये अशी प्रार्थना करतात.

मध्यंतरी टाकीत हिरवं केसाळ शेवाळ आलं. त्यामागे नळाच्या पाण्यातलं फॉस्फेट असावं अशी बापूंना शंका आली, आणि त्यांनी आपल्याच जुन्या खात्याला चार पानी अर्ज केला. महिन्याने उत्तर आलं. एका ओळीचं, शिक्क्याचं. बापूंनी ते मला आणून दाखवलं. रागावले असतील असं वाटलं होतं, पण त्यांच्या डोळ्यांत वेगळंच काही होतं. "अजून तोच वापरतात," ते म्हणाले.

या खाऱ्या वाटेला ते लागले नातवामुळे. नातवाने 'फाइंडिंग निमो' पाहिला आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा हवा म्हणून भोकाड पसरलं. ते महिनाभरात थांबलं. आता त्याला क्रिकेटची बॅट हवी आहे. पण तोवर बापूंनी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी घेतलेली होती. मुळात बापूंना हा किडा लहानपणी शाळेच्या सहलीतच चावला असणार. 1951 साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं, तेव्हापासून मुंबईच्या आसपासच्या कित्येक पिढ्या तिथल्या काचांना नाक लावून आल्या. बाकीचे नाक पुसून घरी गेले.

मेव्हण्यांनी सुरुवातीलाच व्यवहारी सल्ला दिला, की मीठ कसलं विकत घेता, जुहूला समुद्र फुकट आहे, चार कॅन भरून आणा. बापूंनी त्यांना किनाऱ्याच्या पाण्यात काय काय असतं ते सांगितलं. सांडपाण्यापासून सुरुवात केली. मेव्हणे त्यानंतर जुहूला भेळ खायलाही गेलेले नाहीत. तेव्हा मीठ विकतचं, डब्यातलं. लिटरला साधारण 35 ग्रॅम, शून्य टीडीएसच्या पाण्यात, रात्रभर पंपाने ढवळून. स्वयंपाकातलं मीठ चालत नाही, कारण समुद्रात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असा मोठा गोतावळा असतो, हे बापूंनी आम्हा सर्वांना जिन्यात, गच्चीवर आणि एकदा स्मशानातसुद्धा समजावलेलं आहे.

दगडांचं प्रकरण कायद्याचं निघालं. खाऱ्या टाकीत दगड शोभेसाठी नसतात. त्यांच्या बारीक छिद्रांत जे जिवाणू राहतात तीच टाकीची मुख्य गाळणी. एका दुकानदाराने हळू आवाजात 'दक्षिणेकडून आलेला जिवंत प्रवाळाचा माल' दाखवला. बापू कागदाचा माणूस. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972, पहिली अनुसूची. खडक बांधणारे प्रवाळ आणि समुद्रघोडे त्यात 2001 सालापासून आहेत, हे त्यांनी दुकानात मोठ्याने म्हणून दाखवलं. दुकानदाराने शटर अर्धं ओढून घेतलं. शेवटी बापूंनी साधे कोरडे, सच्छिद्र दगड आणले. त्यांच्यात जीव नव्हता. तो आता आणायचा होता.

त्यासाठी कुजणारं काहीतरी लागतं. दुकानातला पोरगा म्हणाला होता, तीन पट्ट्यांचे डॅमसेल मासे सोडा, चिवट असतात, मेले तरी स्वस्त आहेत. हे मात्र बापूंना रुचलं नाही. दुसरा मार्ग म्हणजे टाकीत कच्ची कोळंबी सोडायची. ती कुजते, अमोनिया सुटतो, अमोनियावर जगणारे जिवाणू दगडांवर वस्ती करतात. अडचण एवढीच की बापूंच्या घरात सात पिढ्यांत कोळंबी आलेली नव्हती. मी खाणारा, म्हणून माहितगार या नात्याने मला डोंबिवलीच्या मासळी बाजारात सोबत नेण्यात आलं.

बापू नाकाला रुमाल लावून एका कोळीणबाईसमोर उभे राहिले.

"एक कोळंबी द्या."

"येक वाटा?"

"वाटा नको. एक नग."

बाईंनी कोयता बाजूला ठेवला. "येका कोलंबीचं काय कालवन व्हनार?"

बापूंनी आयुष्यभर अर्जदारांना खरं काही सांगितलं नाही, ते नेमके इथे खरं बोलले. "खायची नाही हो. कुजवायची आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्या बोंबलांकडे पाहिलं. मग त्यांनी टोपलीच्या तळाशी हात घातला, एक मऊ पडलेली कोळंबी काढली आणि बापूंच्या प्लास्टिकच्या डब्यात टाकली. "मंग ही कालची ने. आर्धं काम झालंय." पैसे घेतले नाहीत. आम्ही वळलो तेव्हा त्या शेजारणीला काहीतरी सांगत होत्या, आणि शेजारीण बापूंकडे पाहून हात जोडत होती.

घरी बापूंच्या आई आहेत. आम्ही सगळे त्यांना आजी म्हणतो. पंचाऐंशी वर्षांच्या, नजर अधू, पण नाक शाबूत. कोळंबी नायलॉनच्या जाळीत बांधून दगडांमागे लपवण्यात आली आणि आजींना 'तोही एक दगडच' असं सांगण्यात आलं. चौथ्या दिवशी आजी जपमाळ थांबवून म्हणाल्या, "बापू, घरात काहीतरी मेलंय."

"मेलं नाही आई, अमोनिया वाढतोय."

"कोण?"

आणि मग सुरू झाली तपासणी. उभ्या नोकरीत न केलेली सगळी तपासणी बापूंनी त्या महिन्यात उरकून घेतली. काचेच्या नळीत पाच मिली पाणी घ्यायचं, त्यात बाटल्यांतून मोजून थेंब सोडायचे, पाच मिनिटं थांबायचं आणि आलेला रंग कार्डावरच्या रंगांशी ताडून बघायचा. अमोनिया नसेल तर पिवळा, असेल तर हिरव्याकडे झुकतो. इथे बापू अडले. बापूंना रंग चारच: पांढरा, काळा, लाल आणि 'तो दुसरा'. वहिनींनी मात्र चाळीस वर्षं साडीवरचा ब्लाउजपीस मॅचिंग सेंटरच्या पायरीवर उन्हात धरून निवडलेला. त्यांनी नळी बापूंच्या हातातून घेतली, ट्यूबलाइटखालून बाल्कनीत नेली आणि निकाल दिला.

"हा पोपटी नाही. पिस्ता आहे."

"पिस्ता म्हणजे किती?"

"पिस्ता म्हणजे पिस्ता. कालच्यापेक्षा फिका."

बापूंनी वहीत तारीख घालून लिहिलं: 'पिस्ता (फिका)'. पुढे त्यांनी पिस्त्याला 0.5 आणि लिंबूला 0.25 असं कोष्टकच केलं. नायट्रेटच्या तपासणीत दुसरी बाटली अर्धा मिनिट आणि मग नळी मिनिटभर जोरजोरात हलवावी लागते, नाहीतर आकडा खोटा कमी येतो. ते काम बापू रात्री साडेनऊला करतात. आमच्या छतातून तेव्हा त्यांच्या पावलांची लयबद्ध थाप ऐकू येते. आम्ही त्यावर घड्याळ लावतो.

वहीतले आकडे शास्त्राप्रमाणेच चालले होते. आधी अमोनिया चढला. मग जिवाणूंची पहिली जमात आली, तिने अमोनिया खाऊन नायट्राइट केलं. मग दुसरी जमात आली, तिने नायट्राइटचं नायट्रेट केलं. या सगळ्याला महिना-सव्वा महिना जातो आणि घाई करून उपयोग नसतो, कारण दुसऱ्या जमातीला पहिलीचं उष्टं मिळाल्याशिवाय ती वाढतच नाही. नायट्रेट मात्र कोणी खात नाही, ते साठतं. ते दर आठवड्याला थोडं पाणी बदलून आपणच बाहेर काढायचं. खाऱ्या पाण्यात अमोनियाची एवढी धास्ती का, हेही बापूंनी मला समजावलं. या पाण्याचा पीएच आठाच्या वर असतो, आणि पीएच जितका वर तितका अमोनियातला विषारी हिस्सा जास्त. जो अमोनिया गोड्या पाण्यातला गप्पी निमूट सोसतो तो इथे माशाचा जीव घेतो. हे सांगताना बापू 'गप्पी' हा शब्द असा उच्चारतात की वीस वर्षं त्यांनी स्वतः गप्पीच पाळले होते हे कोणाला खरं वाटू नये.

सव्वा महिना लोक येत होते आणि दिवा लावलेल्या टाकीत दगड आणि पाणी बघत होते. सेक्रेटरींनी एकदा विचारलं, "गळते का बघताय काय?" बापू म्हणाले, "नाही, जंतू वाढवतोय." त्या दिवसापासून सेक्रेटरींनी बापूंकडचा चहा बंद केला.

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य असं दोन्ही खात्यांचं 'ना हरकत' मिळाल्यावर मासे आले. निमोची जोडी. ते टाकीतच जन्मलेले असतात, समुद्रातून धरलेले नव्हेत, म्हणून बापूंच्या मनाला टोचणी नाही. हे मासे जन्माला येतात ते सगळे नर. जोडीत जो मोठा आणि दांडगा होतो तो मादी बनतो, आणि मादी मेली तर उरलेला नर मादी होतो. हे ऐकल्यावर आजी बराच वेळ टाकीसमोर बसून होत्या. शेवटी म्हणाल्या, "बरं आहे. कोणाचं काही अडत नाही."

मासे आल्यावर आठवड्याभरात वाळू तपकिरी झाली. बापूंनी जेवण सोडलं. ते डायटम होते, नव्या टाकीत येतात आणि आपोआप जातात, गेलेही. बापूंचं वजन मात्र दोन किलोंनी उतरलं.

या घरातली मला सर्वांत आवडणारी वस्तू म्हणजे प्रोटीन स्किमर. टाकीखालच्या कपाटात दुसरी छोटी टाकी आहे, तिला संप म्हणतात. वरचं पाणी तिथे उतरतं, कापडी मोज्यातून गाळलं जातं, स्किमरमधून फिरतं आणि पंपाने परत वर चढतं. स्किमरच्या नळकांड्यात लाखो बारीक बुडबुडे उठतात. पाण्यातला सेंद्रिय मळ बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतो, फेस होऊन वर सरकतो आणि वरच्या कपात साठतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात म्हणून हे जमतं, गोड्या पाण्यात फारसं जमत नाही. कपातला द्रव गडद तपकिरी असतो आणि त्याचा वास वर्णन करण्याच्या पलीकडचा. बापू तो कप दोन्ही हातांनी काढतात आणि माझ्या नाकाशी आणतात. "हे आत होतं!" ते म्हणतात. नातवाचा निकालसुद्धा त्यांनी एवढ्या अभिमानाने दाखवला नव्हता.

कापडी मोजा तीन दिवसांनी धुवावा लागतो, नाहीतर त्यात अडकलेली घाण तिथेच कुजून पुन्हा पाण्यात उतरते. ज्या माणसाने स्वतःचा बनियन कधी बादलीत टाकला नाही तो माणूस मोजा उलटा करून नळाखाली चोळत असतो. वहिनी दारात उभ्या राहून बघतात. काही बोलत नाहीत, फक्त बघतात. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं भाष्य पुरेसं असतं.

एकदा बापूंनी आम्हाला ॲना थिन या बाईंची हकिगत सांगितली. 1846 साली या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ बरणीत घालून लंडनला आणले. पाण्यात हवा कशी मिसळायची हा प्रश्न होता. पंप नव्हते, वीज नव्हती. त्यांनी घरातल्या मोलकरणीला कामाला लावलं. ती रोज उघड्या खिडकीपाशी अर्धा-पाऊण तास ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसायची, आणि प्रवाळ जगले. म्हणजे घरगुती खाऱ्या टाकीचा पहिला पंप एक बाई होती, बापू कौतुकाने म्हणाले. कामवाल्या मावशी तिथेच केर काढत होत्या. "दादा, आधीच सांगते," त्या म्हणाल्या, "माझ्यानं व्हायचं नाही."

मे महिना आला. पाणी 26 अंशांवर राहावं म्हणून टाकीवर दोन पंखे लागले. आजींच्या खोलीतला पंखा कुरकुरतो तो तसाच राहिला. पंख्याने पाणी गार होतं ते बाष्पीभवनामुळे, म्हणजे पातळी रोज बोटभर उतरते. बापू रोज नेमाने तेवढं खारं पाणी कालवून वर घालायचे. टाकी समुद्राची, भर समुद्राची, हिशोब सरळ. आठवडाभरात मासे कोपऱ्यात बसू लागले. बापूंनी रिफ्रॅक्टोमीटर लावला. विशिष्ट घनता 1.025 असायला हवी, ती 1.030 वर गेलेली. हे कसं झालं म्हणून ते टाकीभोवती फेऱ्या मारू लागले. आजी पलंगावरून म्हणाल्या, "अरे, आमटी आटली की खारट होते. वर पाणी घालतात, मीठ नव्हे."

बापू थांबले. उडतं ते पाणी, मीठ आतच राहतं. त्यांनी याच विषयावर तीन पुस्तकं वाचलेली होती, आणि तिन्हींत हे पहिल्या प्रकरणात होतं.

त्या दिवसापासून आजींना टाकीत मान मिळाला, आणि मानाबरोबर उत्साह आला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या देवघरातली तांब्याची कळशी घेऊन टाकीत भर घालायला निघाल्याचं बापूंनी पाहिलं. टाकीत तेव्हा शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणि एक कोळंबी होती. जिवंत, पाळीव कोळंबी, काळ बदलतो. तांब्याचा अंशसुद्धा या बिनकण्याच्या प्राण्यांना विष असतो. बापूंनी सोफ्यावरून जी उडी घेतली ती त्यांच्या वयाला न शोभणारी होती. कळशी वाचली, कोळंबी वाचली, बापूंचा गुडघा गेला. आजी दोन दिवस बोलल्या नाहीत. "सगळं जग तांब्याचं पाणी पितं," त्या नंतर मला म्हणाल्या, "ह्याच्या झिंग्याला सोसत नाही."

आता माझ्या छताबद्दल. पावसाळ्याच्या तोंडाशी एका रात्री लाईट गेली. मी अंधारात खिडकीपाशी बसलो होतो. वरून एक थेंब माझ्या ओठावर पडला. तो खारट होता. या इमारतीतल्या गळतीचे सगळे प्रकार मी अनुभवलेले आहेत, पण खारट गळती पहिलीच. मी खालून हाक मारली. बापू धावत आले, पण बादली घेऊन नाही. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात रिफ्रॅक्टोमीटर. ते माझ्या जेवणाच्या खुर्चीवर चढले, ड्रॉपरमध्ये छताचा थेंब धरला, काचेवर टाकला, झाकण मिटलं आणि यंत्र टॉर्चकडे रोखून डोळा लावला.

"एक पूर्णांक शून्य दोन पाच!" ते खुर्चीवरूनच ओरडले. "बघा! स्लॅबमधून येऊनसुद्धा!"

आमच्या घरातून त्यावर जे उत्तर गेलं ते इथे देत नाही.

झालं होतं ते असं. लाईट जाताच पंप थांबला. पाणी वर चढवणाऱ्या पाइपचं तोंड टाकीत खोल बुडालेलं होतं, त्यामुळे त्याच पाइपाने पाणी उलटं खाली संपमध्ये उतरत राहिलं, संप भरला आणि उरलेला समुद्र आमच्याकडे आला. उपाय दोन मिनिटांचा आहे: पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक भोक पाडायचं, म्हणजे पातळी थोडी उतरली की हवा आत शिरते आणि धार तुटते. बापूंनी ते भोक दुसऱ्या दिवशी सकाळी पाडलं. छताला रंगही लावून दिला. मीठ मात्र अजून रंगातून डोकावतं, पांढऱ्या पापुद्र्यांनी, विशेषतः हिवाळ्यात.

गणपतीत निराळाच घोळ झाला. बापूंकडे दीड दिवसाचा गणपती. संध्याकाळच्या आरतीला पंचवीस-तीस माणसं, पाऊस म्हणून खिडक्या बंद, वर कापूर आणि उदबत्त्या. 'सुखकर्ता'च्या तिसऱ्या कडव्याला बापूंचं लक्ष टाकीवरच्या पीएच मीटरकडे गेलं. 8.2 वरून 7.9. बंद घरात माणसं श्वास सोडतात, कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो पाण्यात विरघळतो, पीएच उतरतो. बापूंना एकदम प्रत्येक पाहुणा पाण्यात आम्ल सोडताना दिसू लागला. मंत्रपुष्पांजली त्यांनी अशा वेगाने म्हटली की गुरुजींनी वळून पाहिलं. मग हात जोडून जाहीर केलं, "मंडळी, प्रसाद जिन्यात. मोकळी हवा आहे."

वहिनींच्या माहेरची माणसं त्यानंतर पुढच्या गणपतीला आली नाहीत. बापूंनी स्किमरला हवा देणारी नळी भिंतीतून बाहेर काढली. आता टाकी डोंबिवलीची हवा घेते. पण त्याआधी पंधरा दिवस ते पीएच वाढवायची पावडर टाकत राहिले होते. रात्री आकडा चढायचा, सकाळी पुन्हा उतरायचा, मधल्या मध्ये क्षारता मात्र वाढत गेली आणि पंपावर पांढरा थर बसला. शेवटी क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानातल्या पोराने त्यांना समजावलं. वीसेक वर्षांचा असेल. "काका," तो म्हणाला, "आकडा थोडा खाली असला तरी चालतो. हलायला नको. तुम्ही हात खिशात घाला."

खिशात हात घालून टाकीसमोर बसलेले बापू हे दृश्य बघवत नाही. बोटं खिशातल्या खिशात चाळवत असतात. मासे पोहत असतात, पाणी इतकं स्वच्छ असतं की ते हवेत तरंगताहेत असं वाटावं, सगळे आकडे जिथल्या तिथे, आणि करण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. खात्यात असताना काही न करणं हीच बापूंची ख्याती होती. आता ते जमत नाही.

म्हणूनच त्यांच्या डोक्यात नवं आलंय. गेल्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात बापू, हातात मोजपट्टी.

"लहान टाकीत पाणी चंचल असतं," आत येता येता ते म्हणाले. "190 लिटर म्हणजे काय, एक मासा जास्त जेवला तरी आकडे हलतात. पाचशे लिटर असलं की पाणी शांत राहतं. जितकं पाणी जास्त तितकी चूक विरते. सगळे जाणकार हेच सांगतात."

"पाचशे लिटर," मी म्हणालो. "म्हणजे वजन?"

"पाण्याचं अर्धा टन आणि वर थोडं. खाऱ्या पाण्याचं जरा जास्त भरतं. दगड, काच, स्टँड वेगळे." ते माझ्या हॉलच्या छताकडे बघत होते. मग काठीने त्यांनी छत दोन ठिकाणी ठोकलं आणि कान लावला. मिठाचा एक पापुद्रा त्यांच्या खांद्यावर पडला. "तुमच्याकडची बीम नेमकी कुठून जाते? बीमवर ठेवलं तर काही होत नाही."

"आणि बीमवर नाही बसली तर?"

बापूंनी भिंतीपासून मोजपट्टी धरली, आकडा पाहिला, वहीत लिहिला आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही एक करा. सोफा तेवढा दोन फूट अलीकडे घ्या."

"कशाला?"

"घ्या हो," ते म्हणाले. "माणसाने सावध असावं."